मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा घात

१

मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा दिवसाढवळ्या कुणीतरी घात केला होता.

डबा तोच होता, पडदा तोच, त्यावरची धूळसुद्धा कालचीच. चेहरा मात्र परका होता. काल संध्याकाळपर्यंत पडद्यावर दुकान उघडलं त्या दिवसाचा फोटो असायचा. त्यात मालक डोक्यावर भरगच्च केस घेऊन उभे असत, आणि केवळ त्या केसांसाठी तो फोटो बदलायची कुणाची छाती नव्हती. आज तिथे कुठलंसं निळं तळं होतं आणि तळ्यावर लिहिलं होतं, 'स्वागत आहे. तुमची नवीन सिस्टीम तयार आहे.'

सूनबाई दारातच थबकली. तिने शेजारच्या काच कापायच्या मशीनकडे पाहिलं. एरवी या वेळी त्याचा हिरवा दिवा लागलेला असतो. आज लाल दिवा उघडझाप करत होता.

चष्म्याच्या दुकानामागच्या या खोलीला घरात 'कारखाना' म्हणत. एक टेबल, काच घासायची एक चाकी, ते मशीन आणि मशीनला हुकूम सोडणारा हा कॉम्प्युटर, एवढाच कारखान्याचा पसारा. मशीन वयाने मोठं आणि स्वभावाने एकनिष्ठ होतं. त्याला या कॉम्प्युटरची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी समजायची, दुसरी भाषा शिकायची त्याची तयारी नव्हती. आणि गेले कित्येक महिने, कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर एक मेसेज यायचा, 'तुमची सिस्टीम जुनी झाली आहे, नवीनवर जायचं का?'

या एका प्रश्नावरून घरात दोन तट पडले होते. एका तटात सूनबाई एकटी. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेली, मोठ्या दवाखान्यातली नोकरी सोडून सासऱ्यांच्या दुकानात आलेली. तिचं म्हणणं साधं होतं. कधी ना कधी अपग्रेड करावंच लागणार, तर नीट करू. आधी गिऱ्हाइकांचे नंबर दुसरीकडे उतरवून घेऊ, मशीनवाल्या कंपनीला विचारू, मग हात लावू. दुसऱ्या तटात मालक, म्हणजे तिचे सासरे. त्यांचं म्हणणं त्याहून साधं होतं. "चालत्या गाडीला खीळ घालायची नाही." त्यांनी नियमच केला होता की सकाळी कॉम्प्युटर फक्त तेच सुरू करतील, आणि त्या मेसेजला 'आत्ता नको' असं तेच सांगतील.

"कुणी केलं हे?"

मालक तिच्या मागे येऊन उभे होते. त्यांचा आवाज ऐकून काचेचे मिस्त्री चाकी सोडून आले, काउंटरवरून सूनबाईचा नवरा आला. पुढच्या बाकावर बसलेले गायनमास्तरही उठले आणि वाटेतल्या आरशाला 'माफ करा' म्हणून बाजूने आले. मास्तर काल स्वतःच्या चष्म्यावर बसले होते. आज संध्याकाळी त्यांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता, आणि गाण्याचे कागद वाचण्यासाठी त्यांना त्याआधी नवा चष्मा हवा होता.

"मी सकाळी दुकान उघडलं," मालक म्हणाले. "हा सुरू केला. मेसेज आला. रोजच्यासारखं डावीकडचं 'आत्ता नको' दाबलं आणि चहाला गेलो. माझ्या पाठीमागे कुणी 'हो' म्हटलं?"

सगळ्यांच्या माना सूर्यफुलासारख्या एकाच दिशेला वळल्या.

"बाबा, मी नाही केलं," सूनबाई म्हणाली.

"सहा महिने अपग्रेड अपग्रेड कोण करत होतं? मी का?"

सूनबाईच्या डोळ्यांना धार लागली. मालक तिच्यापासून दोन हातांवर उभे होते, तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"आणि वर हसतेयस?" ते म्हणाले.

मिस्त्रींनी जमिनीकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. मालकांनी हात पुढे केला. "किल्ली दे."

गेल्याच महिन्यात त्यांनी कारखान्याची दुसरी किल्ली तिच्या हातात ठेवली होती. 'आता हे तू बघ,' एवढंच म्हणाले होते. त्या चार शब्दांवर ती महिनाभर हवेत चालत होती. तिने पदराला अडकवलेली किल्ली सोडवून दिली.

"संध्याकाळपर्यंत खरं काय ते सांगितलंस तर ठीक. नाहीतर उद्यापासून दुकानात यायचं कारण नाही."

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज झाला. वरच्या मजल्यावरून आत्या खाली येत होत्या.

२

आत्या म्हणजे मालकांची थोरली बहीण. सगळी नोकरी त्यांनी शाळेत काढली, आणि त्यातही त्यांची कीर्ती शिकवण्यापेक्षा परीक्षेच्या वर्गावरच्या पहाऱ्यासाठी होती. त्या वर्गात शिरल्या की पोरांच्या बाहीतले कागद आपोआप खाली पडत, असं लोक सांगत.

"धाकट्या, आवाज खाली घे," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "वर माझ्या चहाला लाटा आल्या. काय झालं ते एकेकाने सांगा. सगळ्यांनी मिळून नको."

सगळ्यांनी मिळूनच सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि सूनबाईकडे वळल्या. तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"हिला हसतेयस म्हणालास?"

"दात दिसत होते तिचे."

"हं," आत्या म्हणाल्या. हा 'हं' वर्गात फार घातक समजला जायचा. "पोरी, मला या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. तो मेसेज दिवसातून किती वेळा येतो?"

"एकदाच. कॉम्प्युटर सुरू केल्यावर. 'आत्ता नको' म्हटलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत तोंड उघडत नाही."

"आणि 'सुरू करा' म्हटलं की?"

"मग मागे वळून बघत नाही. तास दीड तासात सगळं बदलून मोकळा होतो."

"म्हणजे धाकट्याने सकाळी 'नको' म्हटलं असेल, तर त्याच्यानंतर आलेल्याला मेसेज दिसलाच नसणार. मग 'हो' म्हणायचं कसं?"

खोटं बोलायची सूनबाईला सवय नव्हती, आणि आज शिकायला दिवस वाईट होता.

"आतून करता येतं," ती म्हणाली. "सेटिंगमध्ये खोल जायचं, तिथून सुरू करायचं."

"हे दुकानात कुणाला येतं?"

"मला."

"फक्त तुला?"

"फक्त मला."

मालकांनी दोन्ही हात पसरले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा त्यांचा चेहरा होता. सूनबाईच्या बाजूने यायला उतरलेल्या आत्यांनी तीन प्रश्नांत तिलाच गुन्हेगार ठरवलं होतं.

३

पण आत्या उठल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रींना समोर बसवलं.

मिस्त्रींचं आणि त्या मशीनचं जुनं वैर होतं. मशीन येण्याआधी सगळ्या काचा ते चाकीवर हाताने घासायचे. मशीन आलं आणि त्यांच्याकडे फ्रेमचे स्क्रू आवळणं आणि उरलंसुरलं काम आलं.

"मशीन बंद पडलं तर तुम्हाला आनंदच असेल," आत्या म्हणाल्या.

"आहेच," मिस्त्री म्हणाले. "लपवू कशाला? सकाळी लाल दिवा बघितला आणि मी चाकीला तेल घातलं. पण आत्याबाई, मी त्या टीव्हीला हात लावत नाही."

"कॉम्प्युटरला."

"तेच ते. एकदा पुसायला गेलो तर त्यातून बाई बोलायला लागली. तेव्हापासून फडकंही लावत नाही." पडद्यावरची धूळ त्यांच्या बाजूने साक्ष देत होती. "तसं हल्ली मला काम पुष्कळ आहे. काचेवर मधोमध बारीक खूण करायची असते ना, ती मालक जन्मभर स्वतः करत आले, कुणाला शिवू दिली नाही. आता म्हणतात, तू कर, हात बसू दे. डोक्याचे केस पांढरे झाले, आता कुठला हात बसवायचा?"

"अरे, माणसाला जबाबदारी द्यावी लागते," मालक घाईघाईने म्हणाले.

आत्या पुन्हा 'हं' म्हणाल्या. मग भाच्याला बोलावलं.

सूनबाईचा नवरा माणूस गरीब, पण काउंटरवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो दिवसभर पत्ते लावायचा. गिऱ्हाईक आलं की हिशेब बघतोय असं तोंड करायचा, आणि गिऱ्हाइकाला ते कळायचं.

"मला कशाला हवी नवी सिस्टीम?" तो म्हणाला. "ती आली की माझे पत्ते जातात. सलग जिंकत आलोय, आत्या, एकदाही हरलो नाही. तो मेसेज येऊच नये म्हणून मी काउंटरवरचा कॉम्प्युटर कधी बंदच करत नाही. नुसता झोपवतो. बंद करून सुरू केला तरच मेसेज येतो ना."

"अगदी शहाणा आहेस. बायको रडते आहे, तिची बाजू घेतलीस का?"

तो गडबडला. "मी म्हटलं, तपास चालू आहे, मध्ये कशाला बोला."

सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं. घरी गेल्यावर या वाक्याचा वेगळा तपास होणार होता.

"पर्यवेक्षण करायचे तेव्हाची गोष्ट सांगते," आत्या एकदम म्हणाल्या. "एक पोरगा होता. त्याला प्रश्नपत्रिका आधीच कुठून तरी मिळाली. उत्तरं क्रमाने घडाघडा पाठ करून आला. आम्हाला वास लागला, आम्ही आयत्या वेळी प्रश्नांचा क्रम बदलला. पठ्ठ्याने प्रश्न वाचलेच नाहीत. राजधानी कोणती, या प्रश्नाखाली लिहून आला, साडेसात लीटर."

मिस्त्री हसले. मालकही हसले.

"ताई, याचा इथे काय संबंध?"

"तेच मी शोधते आहे," आत्या म्हणाल्या. "सकाळी कुणी कॉम्प्युटरपाशी उभं असलेलं पाहिलं का?"

"मी पाहिलं," परत बाकावर जाऊन बसलेले गायनमास्तर म्हणाले.

सगळे गर्रकन त्यांच्याकडे वळले. मास्तरांनीही मान डोलावली, पण शेजारच्या फ्रेमच्या स्टँडकडे बघून.

४

"दुकान नुकतंच उघडलं होतं," मास्तर म्हणाले. "मी बाकावर येऊन बसलो. या मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पडद्यासमोर कुणीतरी उभं होतं."

"कोण?"

"पांढरं."

सूनबाईने आपल्या अंगावरच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं. मिस्त्रींच्या अंगावर तसाच कोट होता. मालकांच्या अंगावर तसाच. नवऱ्याचा शर्ट पांढरा होता. चष्म्याच्या दुकानात एकुलता एक साक्षीदार मिळाला, तर तोही बिनचष्म्याचा.

"बाई की पुरुष?"

"आकार होता. खोटं कशाला सांगू, चष्म्यावाचून मला माझी बायकोही आकारच दिसते. पण उभं राहण्याची ढब लक्षात आहे. त्यावर आमचं पोट आहे ना. मान मागे टाकली होती, हनुवटी वर. शिष्य वरचा स्वर लावताना करतात ना, तशी. मी मनात म्हटलंसुद्धा, असा गळा ताणला तर स्वर लागायचा नाही."

सूनबाईच्या डोक्यात काहीतरी टिचकी मारल्यासारखं झालं. दवाखान्यात हजारो माणसं तिच्यासमोर अशी बसली होती. लांबचं न दिसणारा माणूस पडद्यात नाक खुपसतो. जवळचं दिसेनासं झालेला माणूस मान मागे घेतो, वर्तमानपत्र हात लांब करून धरतो, आणि वर छपाई हल्ली बारीक झाली म्हणून तक्रार करतो.

तिने मनातल्या मनात एकेकाचा नंबर आठवून पाहिला. घरातल्या सगळ्यांचे डोळे तिनेच तपासले होते. नवऱ्याला लांबचा चष्मा, तो पडद्याला चिकटून बसतो. मिस्त्रींना तिनेच वर्षापूर्वी जवळचा चष्मा करून दिला, तो त्यांच्या नाकावर पक्का. तिचे स्वतःचे डोळे निर्दोष. आणि मालक...

मालकांचे डोळे तिने तपासले नव्हते. तिने तपासू या म्हटलं की ते तक्त्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि सगळ्यात खालची ओळ गिऱ्हाइकांसमोर म्हणून दाखवायचे, 'न, र, ट, ल, म, ग'. मग म्हणायचे, 'हा तक्ता मी स्वतः टांगलाय. लग्नापासून हाच चष्मा, नंबर बदललेला नाही.' गिऱ्हाईक खूश व्हायचं, आणि तपासणी तिथेच संपायची.

तिने आत्यांकडे पाहिलं. आत्या तिच्याकडेच बघत होत्या.

"पोरी," आत्या शांतपणे म्हणाल्या, "काउंटरवरचा तो कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू कर."

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

५

सगळे काउंटरभोवती गोळा झाले. पडदा काळा झाला, उजळला, आणि मेसेज आला. सूनबाईने तो वाचला, पुन्हा वाचला. हा रोजचा मेसेज नव्हताच. सिस्टीमवाल्यांनी तो बदलला होता. वर लिहिलं होतं, 'ही शेवटची आठवण आहे.' खाली त्याच दोन चौकटी होत्या, त्याच आकाराच्या, त्याच रंगाच्या. पण जागा बदलून. डावीकडे 'सुरू करा', उजवीकडे 'आत्ता नको'.

तिने तोंड उघडलं. आत्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"धाकट्या," आत्या म्हणाल्या, "या दुकानात याला 'नको' म्हणायचा मान तुझा. म्हण बाबा."

"आत्या, माझे पत्ते आहेत त्यात," नवरा क्षीण आवाजात म्हणाला.

"अरे, नको म्हणतोय ना मी, घाबरतोस काय?" मालक पुढे आले. त्यांनी माऊस हातात घेतला. मान मागे टाकली, हनुवटी वर केली. बाकावरून मास्तर म्हणाले, "हीच ती ढब," पण तोवर मालकांनी मोठ्या ऐटीत डावीकडची चौकट दाबली होती.

पडदा काळा झाला. मधोमध एक गोल फिरायला लागला आणि त्याखाली अक्षरं उमटली, 'नवीन सिस्टीम बसवत आहोत. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.'

नवरा मटकन स्टुलावर बसला.

"झालं," मालक हात झटकत म्हणाले. "म्हटलं नको."

सगळे पडद्याकडे बघत राहिले. मालकांचा आवाज हळूहळू बदलला. "काय झालं? मी नकोच दाबलं."

"दाबलंस," आत्या म्हणाल्या. "सकाळीही तेच दाबलंस. फक्त 'नको' तिथे नव्हतं. आज त्यांनी जागा बदलली. तू वाचत नाहीस, धाकट्या. तुला डावीकडची जागा पाठ आहे. प्रश्न बदलला तरी तुझं उत्तर तेच, साडेसात लीटर."

"काहीतरीच. ही आतून करू शकते असं तीच म्हणाली."

"करू शकते. पण हिने केलं असतं तर आधी गिऱ्हाइकांचे नंबर उतरवून घेतले असते, कंपनीला फोन केला असता. सहा महिने हेच तर ओरडते आहे. चोरी करायची तर माणूस निदान आपल्या पद्धतीने करतो. हे काम न वाचता करणाऱ्याचं होतं. काचेवरच्या खुणा मिस्त्रीच्या गळ्यात का घातल्यास? आणि सकाळी हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तेव्हा दोन हातांवरून तू म्हणालास, हसतेयस. मला तिथेच कळायला हवं होतं. माझा भाऊ तापट आहे, पण दुष्ट नाही. मग त्याला दिसलं नसणार, दुसरं काय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मिस्त्री पुटपुटले. मालकांचे कान लाल झाले होते.

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "चल आत. तक्ता वाचून दाखवतो."

"थांबा बाबा," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आधी मशीनचं बघू. नवी सिस्टीम जुनीला लगेच टाकून देत नाही, काही दिवस बाजूला ठेवते. मागे जाता येतं. मला आत जाऊन सुरू करावं लागेल. करू का?"

मालकांनी होकारार्थी मान डोलावली. तिने कारखान्यात जाऊन निळ्या तळ्याच्या पोटात शिरून 'मागच्या सिस्टीमवर परत जा' दाबलं. अर्धा तास लागणार होता.

"तेवढ्यात या आत," ती सासऱ्यांना म्हणाली. मिस्त्री आणि नवरा मागोमाग यायला लागले, तशी तिने तपासणीच्या खोलीचं दार त्यांच्या तोंडावर लावलं. आत्या मुद्दामच बाहेर थांबल्या होत्या.

६

खोलीत अंधार होता. समोरच्या भिंतीवर उजळलेला तक्ता तेवढा दिसत होता. मालक आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते, आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं.

"सगळ्यात खालची ओळ वाचा, बाबा."

"त्यात काय, न, र, ट, ल, म, ग."

सूनबाई हळूच म्हणाली, "मी दुसरा तक्ता लावलाय. हे आकडे आहेत."

बाहेर नवरा मिस्त्रींना पत्ते परत येतील का असं विचारत होता, ते ऐकू येत होतं. मालक भिंतीकडे बघत राहिले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष झालं असेल. आधी जवळचं गेलं, आता लांबचंही धुरकट." ते थांबले. "चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी जायचं कुणाकडे?"

"त्याच चष्मेवाल्याकडे. त्याचाही नंबर बदलतो हे बघून उलट विश्वास बसतो." तिने त्यांचा जुना चष्मा काढून त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम बसवली. मग एक गोष्ट तिच्याने विचारल्यावाचून राहवेना. "म्हणून किल्ली दिलीत का मला? तुम्हाला दिसेना म्हणून?"

"हो," मालक म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "दिसेना म्हणून कुणाला तरी द्यायची होती. तुला दिली ती तू नीट बघतेस म्हणून. मुलगाही होता की घरात."

तिने एक भिंग फ्रेममध्ये टाकलं, मग दुसरं. "हे बरं की हे?"

"पहिलं."

"आणि आता?"

"दुसरं." आवाजात आश्चर्य होतं. "सात दिसतोय. सात आणि मग नऊ."

"नऊ नाही, तीन. पण जवळ आलात. भिंगाने होईल तेवढं करू. धुरकट राहिलंच तर माझ्या जुन्या दवाखान्यात दाखवू. मी येईन बरोबर."

मालक मुकाट्याने बसले. इतके मुकाट की तिला हसू आलं असतं, पण आज ती हसण्याच्या आरोपातून नुकतीच सुटत होती.

"नवा नंबर आला की हा जुना चष्मा फेकायचा का?" त्यांनी विचारलं.

"फेकायचा नाही. नव्याची सवय होईपर्यंत जवळ ठेवायचा. अडलं तर असावा."

मालकांनी थोडा विचार केला. "मग त्या कॉम्प्युटरचंही तसंच कर. आधी सगळे नंबर उतरवून घे. मशीनवाल्यांना विचार. ते हो म्हणाले की सुट्टीच्या दिवशी कर. तोवर त्याचं इंटरनेट काढून टाक, म्हणजे मेला मेसेज यायला नको."

सहा महिने ती हेच सांगत होती. पण ते बोलून दाखवायचा दिवस आज नव्हता, आणि तिला त्याची गरजही वाटली नाही. तिने शेवटचं भिंग बसवलं आणि दिवा लावला, उजेडात कसं दिसतं ते बघण्यासाठी.

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. नाकावर ती अवजड फ्रेम, दोन्ही बाजूंना भिंगांच्या चकत्या. ते बघतच राहिले.

"तुझे डोळे सुजलेत," ते म्हणाले.

तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"सकाळपासून?"

"हो."

"आणि मी म्हटलं, हसतेयस."

मागच्या खोलीतून मशीन जागं झाल्याची शिट्टी ऐकू आली. "हिरवा लागला," असं मिस्त्रींनी दुःखाने जाहीर केलं, आणि गायनमास्तर कुठल्या तरी स्टँडला धडकून म्हणाले, "आता माझा चष्मा आधी." मालक मात्र उठले नाहीत. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, किल्ली बाहेर काढली आणि सूनबाईच्या तळहातावर ठेवली. मग तिची बोटं त्यांनी स्वतःच्या हातांनी मिटली, आणि ती नीट मिटली आहेत ना, ते वाकून, जवळून बघून घेतलं.